गोल्फच्या चेंडूतली स्कॉच, परमिट रूम आणि आडवी बाटली

मागच्या आठवड्यात एका वाचकाने फोटो पाठवला. दुबईहून आलेल्या पाहुण्याने दिलेली भेट. पांढराशुभ्र गोल्फचा चेंडू, अंगभर बारीक खळगे, वरून छोटं बूच. खाली प्रश्न होता, "भाऊ, हे सेंट आहे का दारू?"

दारू आहे. ब्लेंडेड स्कॉच व्हिस्की. 'ओल्ड सेंट अँड्र्यूज' नावाचा ब्रँड आहे, त्याची ही चेंडूच्या आकाराची बाटली. आत ५० मिली माल. म्हणजे आपल्याकडच्या क्वार्टरच्या तिसऱ्या हिश्श्यालाही कमी. पिणारे ती पीत नाहीत म्हणे, शोकेसमध्ये ठेवतात.

आता गंगाखेडात गोल्फचं मैदान नाही. गोल्फची काठी हातात धरलेला माणूस आपण टीव्हीवर पाहिला असेल तेवढाच. पण दारूच्या बाटलीवर कोणतं चित्र लावायचं, तिला कोणता आकार द्यायचा आणि कोणतं नाव, यामागे मोठा इतिहास आहे, आणि तो फिरत फिरत आपल्या तालुक्यापर्यंत येतो. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

सेंट अँड्र्यूज हे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं छोटं गाव. गोल्फवाल्यांची पंढरीच म्हणा. खेळ तिथे इतका जुना की १४५७ साली स्कॉटलंडच्या संसदेने त्याच्यावर बंदी घातली होती. कारण काय, तर पोरं धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडू बडवत बसतात आणि उद्या लढाई झाली तर लढणार कोण! बंदी अर्थातच टिकली नाही. १७५४ मध्ये तिथे खेळाडूंची संस्था निघाली, पुढे तीच जगभरासाठी नियम करू लागली.

स्कॉच व्हिस्कीची पहिली लेखी नोंदही जवळपास त्याच जमान्यातली. १४९४ सालच्या सरकारी हिशेबात जॉन कॉर नावाच्या मठवासी साधूला दारू गाळण्यासाठी माल्ट दिल्याची नोंद आहे. म्हणजे खेळ आणि पेय, दोघांचा पहिला पुरावा सरकारी दप्तरातच सापडतो. एकाचा बंदीच्या हुकमात, दुसऱ्याचा खर्चाच्या वहीत. सरकार आणि दारू यांचं नातं तेव्हापासून असंच आहे, एक हात मनाई लिहितो आणि दुसरा हिशेब.

या दोघांची सांगड घालणारी एक गोष्ट व्हॉट्सअॅपवर फिरते, तुम्हीही वाचली असेल. गोल्फला १८ होल का? तर म्हणे बाटलीत १८ पेग असतात, दर होलला एक, बाटली संपली की खेळ संपला. ऐकायला झकास, पण खोटी आहे. सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर आधी एका फेरीत २२ होल खेळले जायचे. १७६४ मध्ये काही छोटे होल एकत्र केले आणि १८ उरले. त्या मैदानाचा मान मोठा, म्हणून पुढे जगाने तोच आकडा उचलला. बाटलीचा काही संबंध नाही. पण खेळ संपल्यावर क्लबच्या बारला 'एकोणिसावा होल' म्हणायची रीत मात्र खरी आहे.

गोल्फ भारतात आला तो साहेबाच्या सामानातून. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा जगातला सगळ्यात जुना. मुंबईत १८४२ ला आला. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचं वय आता शंभरीला टेकलं, तो १९२७ चा. जिथे गोऱ्यांची छावणी किंवा कचेरी, तिथे गोल्फ आणि तिथेच व्हिस्की-सोडा.

नाशिकला गेला असाल तर 'गोल्फ क्लब मैदान' ऐकलं असेल. तिथे आता गोल्फ नाही, क्रिकेटचे सामने होतात, सकाळी लोक चालायला येतात. अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ ला ज्या कान्हेऱ्यांनी नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनला विजयानंद नाट्यगृहात गोळी घातली, त्यांचं नाव साहेबांच्या खेळाच्या मैदानाला मिळालं. तरी रिक्षावाल्याला आजही 'गोल्फ क्लब' सांगितलं की तो लगेच नेतो. साहेब गेला, गोल्फ गेला, नाव काही जात नाही. हे लक्षात ठेवा. दारूच्या धंद्यात नेमकी हीच गोष्ट चालते.

बाटलीचा आकारही सुरुवातीला शोभेसाठी नव्हता. जॉनी वॉकरने एकोणिसाव्या शतकात चौकोनी बाटली आणली ती पेटीत जास्त बसाव्यात आणि जहाजात कमी फुटाव्यात म्हणून. लेबल तिरकं लावलं, म्हणजे अक्षरं मोठी बसतात आणि फळीवर लांबून दिसतात. धंद्याचं साधं गणित. पण हळूहळू गिऱ्हाईक त्या आकारालाच ओळखू लागलं. आपल्याकडे 'व्हॅट ६९' ची बाटली ज्याने कधी दारूला हात लावला नाही तोही ओळखतो. का? हिंदी सिनेमा! व्हिलनच्या अड्ड्यावर टेबलावर लेबल कॅमेऱ्याकडे करून ती ठेवलेली असायचीच. स्कॉचची जाहिरात आपल्या गावात पेपरने केली नाही, तंबूतल्या टॉकीजने केली. आणि रिकामी बाटली मिळाली तर घरात तिच्यात मनी प्लँट लागायचा.

आता आपल्याकडे वळू. तिकडे साहेब व्हिस्की-सोडा पीत होते, तेव्हा आपण इंग्रजांच्या नाही, निजामाच्या राज्यात होतो. परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात. इथे पेय होतं शिंदी, आणि मोहाची दारू. निजामाच्या तिजोरीत अबकारीचा वाटा मोठा होता. शिंदीची झाडं, दारूची दुकानं यांचे हर्रास व्हायचे, ज्याची बोली मोठी त्याला गुत्ता. ज्याने घेतला तो गुत्तेदार. आज आपण रस्त्याचं काम घेणाऱ्यालाही गुत्तेदार म्हणतो आणि दारूच्या दुकानालाही गुत्ता म्हणतो, त्याचं मूळ इथे आहे. पुण्याच्या माणसाला 'गुत्तेदार' म्हटलं की तो बघत बसतो, त्याला 'ठेकेदार' लागतो. शब्दातच आपला इतिहास आहे बघा. आपल्याकडे दारूचं दुकान म्हणजे मुळात सरकारी वसुलीचं ठाणं.

म्हणूनच १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात एक कार्यक्रम होता शिंदीची झाडं तोडण्याचा. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या स्टेट काँग्रेसने जंगल सत्याग्रह, लेव्ही धान्य न देणं असे जे मार्ग घेतले, त्यातला हा एक. गावोगावची पोरं रात्री कुऱ्हाडी घेऊन निघायची आणि शिंदीची बनं आडवी करायची. यात दारूबंदीचं पुण्य होतंच, पण नेम होता निजामाच्या महसुलावर. आमच्या आजोबांच्या पिढीला हे गणित नीट कळलेलं होतं: सरकारला टोचायचं असेल तर दारूच्या उत्पन्नावर घाव घाला. १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो, भाषणं होतात, पण शिंदीच्या झाडांचा उल्लेख भाषणात क्वचितच येतो. का येत नाही, ते पुढे वाचल्यावर लक्षात येईल.

इंग्रजी मुलखात वेगळीच तऱ्हा होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करत आणल्या, गाळण मोठ्या सरकारमान्य कारखान्यांकडे गेलं, त्यावर कर बसला. गरिबाची घरची दारू गुन्हा झाली आणि दुकानातली कायदेशीर. गांधीजींच्या चळवळीत दारू दुकानांवर निरोधन झालं ते याच रागातून. स्वातंत्र्य मिळाल्यावर मुंबई राज्याने शब्द पाळला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि एप्रिल १९५० पासून मोरारजी देसाईंच्या कडक नजरेखाली पूर्ण दारूबंदी लागू झाली.

लगेच एक गृहस्थ कोर्टात गेले. एफ. एन. बलसारा. त्यांचं म्हणणं असं की माझ्याकडची व्हिस्की, ब्रँडी, वाइन, इतकंच काय ओडिकोलन आणि लव्हेंडर वॉटरसुद्धा वापरण्याचा मला नागरिक म्हणून हक्क आहे. २५ मे १९५१ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. दारूबंदीचा गाभा वैध ठरला, पण औषधं आणि अत्तरासारख्या वस्तूंवरची बंदी उडाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवतात. मला त्यातली गंमत वेगळी वाटते. राज्यघटना लागू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं आणि देशातल्या सर्वोच्च न्यायालयापुढे व्हिस्कीच्या बाटलीचा प्रश्न आला होता. भूमिहीनाचा नंबर लागायला बराच वेळ होता.

आपला मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला आणि त्यानंतर १९५९ च्या दुरुस्तीने हा कायदा इकडेही लागू झाला. कायदा आजही तोच आहे. नाव तेवढं बदललं, महाराष्ट्र दारूबंदी कायदा झालं. हो, दारूबंदी कायदा! ज्या कायद्याखाली आज राज्यात दारू विकली जाते त्याचं नाव दारूबंदी कायदा आहे. आपल्या बस स्टँडच्या आसपास कोणत्याही बारची पाटी वाचा, 'परमिट रूम' लिहिलेलं असतं. कारण कायद्याप्रमाणे दारू सगळ्यांना बंदच आहे, ज्याच्याकडे परवाना आहे त्यालाच मुभा. एका दिवसाचा, वर्षाचा, आजन्म असे परवाने असतात. बिअरला वय २१ पूर्ण, बाकी दारूला २५. आपल्यापैकी किती जणांनी परमिट रूममध्ये परमिट दाखवलं, हात वर करा. काउंटरवर वय विचारलेलं मी माझ्या वीस वर्षांच्या बातमीदारीत पाहिलेलं नाही.

बंदी ढिली झाली ती १९६० नंतर, टप्प्याटप्प्याने. हातभट्टी फोफावली होती, विषारी दारूने माणसं मरत होती, आणि राज्याला पैसा हवा होता. तिन्ही कारणं खरी होती, तिसरं जरा जास्त खरं. १९७३ ला महाराष्ट्र देशी दारू नियम आले आणि सरकारमान्य देशी दारूची दुकानं सुरू झाली. संत्रा, मोसंबी अशा वासाची, रंगीत लेबलाची देशी. शिंदीचा गुत्ता गेला, देशीचा गुत्ता आला.

दुसऱ्या बाजूला एक नवाच प्राणी जन्माला आला होता, त्याचं सरकारी नाव 'भारतीय बनावटीची विदेशी दारू'. नाव पुन्हा वाचा. भारतीय बनावटीची विदेशी! म्हणजे उद्या भिवापूरची मिरची भारतीय बनावटीची मेक्सिकन म्हणून विकायची. पण ते उगाच पडलेलं नाव नव्हतं. खरी स्कॉच म्हणजे काय, तर धान्यापासून गाळलेली, स्कॉटलंडमध्येच किमान तीन वर्षं ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली, ४० टक्क्यांच्या खाली नसलेली. ब्लेंडेड म्हणजे बार्लीच्या माल्टची आणि इतर धान्याची अशा दोन्ही तऱ्हेच्या व्हिस्कीचं मिश्रण. आणि आपली स्वस्त 'व्हिस्की'? तिचा पाया बहुतेक वेळा उसाची मळी. एक टन ऊस गाळला की साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते, आणि टनभर मळीतून सव्वादोनशे ते अडीचशे लिटर अल्कोहोल. त्याला शुद्ध करून, रंग-वास देऊन, थोडा माल्ट घालून बाटलीत भरतात. युरोपात हिला व्हिस्की म्हणून विकता येत नाही, कारण त्यांच्या कायद्याने ही रमच्या जातीची. लेबलवर अल्कोहोल ४२.८ टक्के असतं, तो विचित्र आकडासुद्धा साहेबाच्या जुन्या 'प्रूफ' मोजणीतून आलेला. ७५ प्रूफ म्हणजे ४२.८. मोजणारे गेले, मोजमाप राहिलं. नाशिकच्या गोल्फ क्लबसारखंच.

म्हणजे बघा, ऊस आपला, तोडणारे हात आपले, मळी आपली. आणि बाटलीवर? कोल्हापूरचा फेटा नाही की परभणीची ज्वारी नाही. बाटलीवर स्कॉटलंडचा मशकवाला. हरणाची शिंगं. किल्ले. मॅकडॉवेल हे नाव १८२६ मध्ये मद्रासला व्यापार थाटणाऱ्या स्कॉटिश माणसाचं. कंपनी १९५१ मध्ये विठ्ठल मल्ल्यांनी घेतली, नाव तेच ठेवलं. 'बॅगपायपर' १९७६ ला आली. नाव स्कॉटिश बँडवाल्याचं आणि जाहिरातीत हिंदी सिनेमाचे हिरो.

यातला सगळ्यात मजेशीर किस्सा 'पीटर स्कॉट'चा. बंगळुरूच्या खोडे कंपनीने १९६८ मध्ये ही व्हिस्की काढली. स्कॉटलंडच्या व्हिस्कीवाल्यांची संघटना १९८६ मध्ये तक्रार घेऊन आली की 'स्कॉट' शब्दामुळे गिऱ्हाइकाला ही स्कॉच वाटेल. कंपनीने सांगितलं, आमच्याकडच्या एका माणसाने हे नाव सुचवलं, त्याचे वडील स्कॉटलंडचे, शिवाय दक्षिण ध्रुवावर गेलेल्या कॅप्टन स्कॉटच्या मुलाचं नाव पीटर स्कॉट. खटला बावीस वर्षं चालला. मे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. मुख्य मुद्दा उशिराचा होता: तुम्हाला कधीचं माहीत होतं, मग इतकी वर्षं गप्प का बसलात? पण न्यायालयाने आणखी एक गोष्ट म्हटली. स्कॉच घेणारा वर्ग शिकलेला, चोखंदळ असतो, त्याला आपण काय विकत घेतोय ते कळतं.

मोठ्या शहरात असेलही. पण स्कॉचच्या रिकाम्या बाटल्यांत हलका माल भरून, नवं बूच लावून विकणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या वर्षातून कितीदा तरी येतात. राज्य उत्पादन शुल्कच्या छाप्यात बुचं, लेबलं, बाटल्या असा मुद्देमाल सापडतो. चोखंदळ गिऱ्हाइकाला जर चव कळत असती तर हा धंदा एका महिन्यात बुडाला असता. विकली जाते ती बाटली. म्हणून तर भंगारवाला भारी ब्रँडची बाटली वेगळी काढून ठेवतो. पिऊन झाल्यावर महागाची बाटली फोडून टाका, एवढा फुकटचा सल्ला या पोस्टमधून घ्या.

आता गोल्फकडे परत येतो. २००० साली केबल टीव्हीच्या नियमांत दारू-सिगारेटच्या जाहिरातींवर बंदी आली. कंपन्यांनी काय केलं? व्हिस्कीच्या नावाचा सोडा काढला. व्हिस्कीच्या नावाच्या गाण्यांच्या सीडी काढल्या. आणि 'रॉयल चॅलेंज' या व्हिस्कीच्या नावाने गोल्फचं साहित्य आलं. आपल्या देशात गोल्फचं साहित्य विकत घेणारे किती? टीव्हीवर जाहिरात करून खप वाढवावा इतके तर नक्कीच नाहीत. पण जाहिरात काठ्यांची नव्हतीच. त्याच काळात काही वर्षं भारतीय ओपन गोल्फ स्पर्धेच्या नावापुढेही 'रॉयल चॅलेंज' होतं. त्याच्याआधी 'विल्स' होतं, म्हणजे सिगारेट. एका देशी कंपनीने तर व्हिस्कीचं नावच 'गोल्फर्स शॉट' ठेवलं.

गोल्फच का? कबड्डी का नाही, विटीदांडू का नाही? कारण गोल्फ म्हणजे घाम न येणारा खेळ. मोठं हिरवं रान, पांढरे कपडे, सामान उचलायला दुसरा माणूस. बाटली विकणाऱ्याला तेच चित्र पाहिजे. गंगाखेडातला जो माणूस ही क्वार्टर घेतो, त्याने ते रान आयुष्यात पाहिलेलं नसतं, आणि नेमकं म्हणूनच ते चित्र विकलं जातं. सेंट अँड्र्यूजची ५० मिलीची चेंडू-बाटली हे निदान उघड खेळणं आहे, ती कोणाचं घर मोडत नाही. घर मोडते १८० मिलीची, चपटी, खिशात मावणारी, आकाराचा कसलाही थाट नसलेली.

या दोन बाटल्यांशी सरकार कसं वागतं तेही बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्य सरकारने आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणलं. कारण सांगितलं की किंमत कमी झाली तर तस्करी थांबेल, खप वाढेल, महसूलही वाढेल. जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन व्यापार करार झाला, त्यात स्कॉचवरचं आयात शुल्क १५० वरून ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत उतरवायचं ठरलं. आणि त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, जून २०२५ मध्ये, महाराष्ट्र मंत्रिमंडळाने बाकी दारूवरचं शुल्क वाढवलं. १८० मिलीची किमान किंमत ठरली: देशी ८० रुपये, धान्यापासून केलेली 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाची नवी जात १४८, भारतीय बनावटीची विदेशी २०५, प्रीमियम विदेशी ३६०. यातून वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील असा हिशेब मांडला गेला.

शुल्क वाढवलं म्हणून कोणी रडावं असं माझं म्हणणं नाही. महाग झाली तर पिणारा कमी पितो, असं या विषयावर काम करणारे सांगतात आणि ते मोठ्या समूहाबद्दल खरंही आहे. पण व्यसनी माणूस कमी करतो ती दारू नाही, किराणा. हे कोणत्याही वस्तीतली बाई तुम्हाला सांगेल. दारू अजून महाग झाली की तो हातभट्टीकडे वळतो. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती स्कॉच पिणारी नव्हती. आणि ज्या राज्याने १४ हजार कोटींचा आकडा बजेटात धरून ठेवला, ते दुकान बंद व्हावं म्हणून किती मनापासून धावेल? निजामालाही शिंदीचं झाड प्यारं होतं. आता तुम्हाला कळलं असेल, १७ सप्टेंबरच्या भाषणात ती झाडं का येत नाहीत.

चंद्रपूरचं उदाहरण ताजं आहे. महिलांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी झाली आणि मे २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. बंदी फसली, चोरटी दारू वाढली, असं कारण दिलं. अंमलबजावणी कोणी फसवली यावर चर्चा थोडीच झाली. मी स्वतः सरसकट बंदीचा कट्टर समर्थक नाही. पण एखाद्या गावातल्या बायकांना दारात दुकान नको असेल तर ते राहता कामा नये, एवढं माझं मत स्पष्ट आहे. आणि त्यासाठी महाराष्ट्रात एक कायदेशीर मार्ग आहे. त्यातही बाटलीच आहे.

उभी बाटली आणि आडवी बाटली. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी सही-अंगठ्यानिशी मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होऊन जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या. आडवी बाटली म्हणजे बंद करा. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही कळेल अशी खूण. जगभरच्या कंपन्यांनी बाटलीला चेंडू केला, घंटा केली, बूट केला, पण बाटलीचं एवढं सोपं आणि कामाचं डिझाइन कोणाला सुचलं नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत बायकांनी या मतदानातून बाटली आडवी केली आहे.

मग सगळीकडे का होत नाही? अट वाचा. दुकान बंद व्हायला झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत. गावातल्या एकूण नोंदलेल्या महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी बाई मतदानाला आली नाही, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला. आमदार, खासदार निवडून यायला ही अट नाही. सरपंच चार मतांनी आला तरी सरपंच. फक्त दारूचं दुकान हलवायला ही अट.

आता ती आपल्या तालुक्याला लावून बघा. गंगाखेडचा डोंगरपट्टा म्हणजे ऊसतोडीला जाणारी गावं. दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेऊन कोयते निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. मार्च-एप्रिलला परत. समजा एका गावात ६०० महिला मतदार आहेत. आडव्या बाटलीला ३०१ मतं पाहिजेत. त्यातल्या २०० बायका पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर असल्या, तर गावात उरलेल्या ४०० पैकी ३०१, म्हणजे चारातल्या तिघींनी येऊन तेच मत द्यायला पाहिजे. म्हाताऱ्या, बाळंतिणी, रोजावर गेलेल्या आणि दुकानदाराने घरी बसायला सांगितलेल्या, सगळ्या धरून. जिच्या नवऱ्याची उचल दारूत जाते, तीच बाई मतदानाच्या दिवशी ऊस तोडत असते. त्याच उसाची मळी होते, मळीची दारू होते, आणि तीच चपटी बाटली तिच्या गावात उभी राहते.

तारीख मे-जूनमधली मिळाली तर हेच गणित बदलतं. कोयते घरी असतात, पेरणी लागायची असते, बायका गावात असतात. सह्या गोळा करायला मार्च संपताना सुरुवात करायची, पडताळणीला लागणारा वेळ धरायचा आणि अर्जातच लिहायचं की आमच्या गावातल्या महिला ऊसतोडीला जातात, त्यामुळे मतदान गळीत हंगामाच्या बाहेर घ्यावं. मतदार यादीतली मयत आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं आधी कमी करून घ्यायची, कारण ती नावंही एकूण संख्येत धरली जातात आणि प्रत्येक नाव उभ्या बाटलीच्या पारड्यात बसतं. यादी तहसीलमध्ये मिळते. डोंगरपट्ट्यातल्या ज्या बचत गटांना अर्जाचा मसुदा पाहिजे, त्यांनी इनबॉक्समध्ये गावाचं नाव टाका. टाइप करून ठेवला आहे.